हत्तीसाठी राखलेली केळी

पौष उतरणीला लागला की माझ्या पायांना अजून वळवळ सुटते. धुळ्यातल्या या तिसऱ्या मजल्यावर मी सकाळी गॅलरीत येऊन वारा हुंगते. उत्तरेचा बोचरा वारा जरा सैल पडलेला असतो. खाली हातगाडीवर मेहरूणची बोरं आलेली असतात, कुणाच्या तरी घरात भरताचं वांगं भाजत असतं, आणि माझ्या तोंडून आपोआप निघतं, "आता निघाली असेल." सून आतून विचारते, "कोण हो आई?" मी म्हणते, "कोणी नाही गं, हत्तीण." ती बिचारी आपल्या कामाला लागते. सासूबाईंचं वय झालं, असं तिने मनाशी ठरवून टाकलेलं आहे, आणि मीही तिचा तो समज मोडत नाही, कारण त्यात माझी सोय आहे.

यंदा तर वर्तमानपत्रात फोटोच आला. गडचिरोलीकडच्या धानाच्या शेतातून चाललेला रानटी हत्तींचा कळप. बातमीत लिहिलं होतं, हत्ती शेतात घुसले. मी चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला. पुढे एक थोराड मादी, तिच्यामागे दुसरी, मधे पिल्लं, मागे आणखी दोघी-तिघी. घुसणाऱ्याची चाल अशी असते का हो? घुसणारा इकडेतिकडे बघतो, कानोसा घेतो. ही मंडळी तर नेहमीच्या वारी देवळात जावं तशी निवांत चालली होती. आता ज्याचं धान तुडवलं गेलं त्याला हे सांगायला जाऊ नये, तो मला काठी घेऊन मारायला येईल आणि त्याचं काही चुकणार नाही. मी स्वतः केळीवाल्यांच्या घरातली आहे. हत्तीच्या पायासमोर उभा घड असला की माणसाचं काय होतं, ते मला ठाऊक आहे. म्हणून तर तो फोटो बघून माझा चहा गार झाला.

लग्न होऊन मी चोपडा तालुक्यात तापीकाठच्या एका गावी गेले, ती सत्तर सालाच्या आगेमागे. बहात्तरचा दुष्काळ अजून यायचा होता. माहेर धुळ्याचं, वडील कारकून, घरात बोलणं शाळेतल्या पुस्तकासारखं. केळं मी डझनावारी कागदात गुंडाळून आलेलं पाहिलेलं. आणि इथे घराच्या उंबऱ्यापासून नदीपर्यंत नुसती केळच केळ! आत शिरलं की भर दुपारी हिरवा अंधार, पायाखाली पाटाचं गार पाणी, डोक्यावर पानांची फडफड. पहिल्या दिवशी मी त्या बागेत वाट चुकले आणि रडायला लागले. मला शोधत आली ती अक्का.

अक्का म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. सासऱ्यांना सगळा गाव आबा म्हणे, मग मीही आबाच म्हणायला लागले. अक्काला ऐन विशीत सासरहून परत पाठवलेलं, का ते तिने कधी सांगितलं नाही आणि विचारण्याची कुणाची टाप नव्हती. तेव्हापासून ती भावाच्या घरी. उंच, काटक, कपाळ कोरं, आवाज नदीपल्याड जाईल असा. माझ्याकडे कंबरेवर हात ठेवून बघत ती म्हणाली, "काय व वहू, बागमा कोनी दवडस का सोताले? पानी जथून येस, तथं चालानं. पानी घरथूनच येस."

पाणी येतं तिकडे चाल, ते घराकडूनच येतं. मी चालले, आणि खरंच आमच्या पाणी उपसणाऱ्या इंजिनाच्या खोलीशी निघाले. तेव्हापासून आमची गट्टी जमली. माझं बोलणं ऐकून ती हसायची, तिचं ऐकून मी चाचपडायचे, पण आठवडाभरात 'आहे'चं 'शे' आणि 'सगळा'चं 'बठ्ठा' माझ्या तोंडी बसले. माहेरी गेले की आई कपाळाला हात लावायची.

ते दिवसच मोठे चालते-फिरते होते. थंडी उतरायला लागली की सगळंच निघायचं. सातपुड्यातून पावरा आदिवासी बायाबापड्या पोरं पाठीशी बांधून कापसाच्या शेवटच्या वेचणीला उतरायच्या. साक्रीकडचे मेंढरंवाले कळप घेऊन रिकाम्या रानांतून सरकत जायचे, खतासाठी रानात मेंढरं बसवायला लोक त्यांना आग्रह करायचे. उंटवाले दिसायचे. आकाशात करकोच्यांची माळ ओरडत नदीवर यायची आणि हरभऱ्याच्या रानात उतरली की शेतकरी डबे वाजवायचे. घरात बसलेल्या माणसाला आपणच काय ते खुंट्याला बांधलेले, असं वाटावं असे दिवस. आणि या सगळ्या चालणाऱ्यांची राणी यायची ती पौष संपता संपता.

ती यायची सातपुड्याच्या खिंडीतून, आमच्या डोंगरातल्या वैजापूरच्या अंगाने. आधी बातमी यायची. कुणी पावरा सांगायचा की वरच्या पाड्यात पाहिली. मग गावातल्या मारवाडी शेठच्या दुकानात गुळाची ढेप बाजूला निघायची. मग एका सकाळी लांबून घंटा. पितळेची, जड, दोन वेगळ्या सुरांची. ती ऐकली की हातातलं काम हातात राहायचं. माझ्या पहिल्या वर्षी मी चुलीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी टाकली होती. बाहेर आरोळी उठली, "हत्तीन उनी! हत्तीन उनी व माय!" आणि घरातल्या सगळ्या बायका पदर सावरत पळाल्या. मी नवी नवरी, डोक्यावरून पदर, पळावं की न पळावं? अक्काने दारातून मागे वळून माझा हात धरला आणि ओढलं. भाकरी जळली. त्याबद्दल मला कुणी एक शब्द बोललं नाही.

रूपकली तिचं नाव. तिचा माहूत गोकुल, बिहारकडचा, मिशा पांढऱ्या, डोक्याला भगवं फडकं. वर्षभर ते दोघं चालायचे. पावसाळा नर्मदेकाठी एका मठात काढायचे, थंडीत सातपुडा उतरून आमच्याकडे, मग तापी ओलांडून धरणगाव, एरंडोल, माघी चतुर्थीला पद्मालयाच्या गणपतीपुढे मुजरा, तिथून पारोळा, धुळे, आणि होळीच्या आत शिरपूरकडून पुन्हा डोंगरात. खानदेशचं ऊन सुरू व्हायच्या आत हत्तीण गार सावलीत पोचलेली असायची. आम्ही मात्र इथेच भाजत बसायचो. शहाणं कोण, ते तुम्हीच ठरवा.

आणि आमच्याकडे तिच्यासाठी असायची हत्तीची ओळ. केळीचा घड उतरवला की झाडाचा उपयोग संपतो. खोड तोडून आडवं पाडायचं आणि तिथेच कुजू द्यायचं, ही रीत. पण बागेच्या कडेची एक ओळ, घड काढून झाला तरी, कुणी तोडत नसे. घडाविना ती खोडं तशीच उभी राहायची, रूपकली येईपर्यंत. ज्याने हत्तीच्या ओळीतलं खोड गुरांना घातलं, त्याची गाय आटते म्हणत. मी हसले होते, तर सासूबाईंनी मला आटलेल्या गायींची नावंनिशी उदाहरणं दिली. रूपकली यायची, सोंडेचा वेढा घालून खोड असं उपटायची की आपण मुळा उपटतो, पायाखाली धरून ते सोलायची आणि आतला पांढरा गाभा कराकरा चावायची. केळीच्या पाण्याचा तो हिरवट, तुरट वास! लोक नुसते तोंडं उघडी टाकून बघत राहायचे. बाया सुपात गहू आणायच्या, लेकरांची भीती जावी म्हणून त्यांना तिच्या पोटाखालून काढायच्या. एक लेकरू तर भीतीने किंचाळत पोटाखालून निघालं आणि पुन्हा जायचं म्हणून हट्ट धरून बसलं.

दुपारी ती झोपल्यासारखी डुलत उभी राहायची आणि गोकुल आमच्या ओट्यावर तंबाखू मळत गोष्टी सांगायचा. रूपकलीला लहानपणी पूर्वेकडच्या कुठल्याशा जंगलात धरलेलं. तिथे हत्तींचे कळप ऋतूप्रमाणे चालतात म्हणे. पावसात डोंगरावर कोवळा बांबू आणि गवत, थंडीत धान पिकलं की खाली, उन्हाळ्यात नदी धरून. वाट ठरलेली. पुढे कळपातली सगळ्यात म्हातारी मादी. कुठल्या झाडाला कधी फळ येतं, कुठला झरा कुठल्या साली आटतो, हे सारं तिच्या डोक्यात. तिच्या मुली तिच्यामागे, त्यांच्या मुली त्यांच्यामागे. गोकुल थापाही भरपूर मारायचा. हत्ती मेलेल्या नातेवाइकांचं श्राद्ध घालतात असंही त्याने एकदा सांगितलं. पण वाटेबद्दल बोलताना तो हसत नसे. "मैं इसको नहीं लाता, माई," तो अक्काला म्हणायचा, "हवा बदली कि ये सांकल खींचने लगती है. ये मुझको लाती है."

"आनि नर?" अक्काने विचारलं.

"नर बड़ा हुआ कि झुंड छोड़ देता है. अकेला घूमता है. बेटियां मां के पास रहती हैं, उम्रभर."

अक्काने रूपकलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दख वहू. पोरी मायनाजोडेच ऱ्हातस, आनि नरच घर सोडी जातस. आपुन चुकीसन मानूसना जनमले उनूत." आणि इतक्या मोठ्याने हसली की रूपकलीने एक डोळा उघडून पाहिलं. मी पण हसले. मला लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, माहेरची आठवण रोज यायची, आणि तरी मी हसले. त्या हसण्याने मला फार बरं वाटलं.

आता माझ्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. अक्काच्या वाटणीला आबांनी नदीकडची एक पट्टी दिलेली होती, वर्षं झाली त्याला. दोन्ही बाजूंना खोल घळी, मधे जिभेसारखी जमीन, आणि जिभेचं टोक थेट तापीच्या खडकाळ उतारावर. पाणी चढत नसे म्हणून तिथे नुसती बाजरी व्हायची. मग नदीवर नवं इंजिन बसलं, पाइप टाकले, चर खणताना अक्का स्वतः पहार घेऊन उभी होती, आणि त्या पट्टीवर तिने केळी लावली. तिचा पहिला बाग! पील, म्हणजे लावायचे कोंब, निवडले तिने, लावले तिने, पानावर दव असतानाच जाऊन ती झाडांशी बोलायची. घड निसवून बाहेर पडले तेव्हा मला बोलवायला घरापर्यंत धावत आली, त्या वयात. वाटेने जाणारा कुणी म्हणाला, "आबांच्या बहिणीचा बाग छान उठलाय," की ही तिथूनच ओरडायची, "आबाना नही, मना बाग शे!" आबा हसायचे. ते मनाचे मोठे होते, पण बहिणीला दिलेलं आपण दिलंय, हे त्यांना विसरायला होत नसे. अक्कालाही ते विसरता येत नसे. तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्याच्या ताटात जेवल्यावर पहिल्यांदा तिच्या नावाचा घड बाजारात जाणार होता. तो बाग खरंच तिचा की भावाने खेळायला दिलेला, एवढाच प्रश्न होता, पण तिच्यासाठी त्याहून मोठा प्रश्न जगात नव्हता.

आणि रूपकली दरवर्षी नदीवर जायची ती त्याच पट्टीतून.

हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण पौषात बाजरी निघून रान मोकळं असायचं, हत्तीण त्यातून गेली काय आणि गुरं गेली काय! ती वाट म्हणून कुणाच्या डोळ्यांत भरलीच नव्हती. आता तिथे पाऊण भरलेले घड लटकत होते, तेव्हा सगळ्यांना घाम फुटला. चावडीवर खल झाला. आबांनी तोडगा काढला. "हत्तीले काय, पोट शे," ते म्हणाले. "जठे खावाले, तठे जावाले." हत्तीण आपल्याकडे येते ती हत्तीच्या ओळीसाठी. तर यंदा ओळच हलवायची! गाडीवाटेच्या कडेने, गावापासून नदीपर्यंत, खोडं रोवून ठेवायची. खात खात ती गाडीवाटेने सरळ नदीवर जाईल, आणि अक्काचा बाग राहील बाजूला.

केळीवाल्यांच्या डोक्यातून दुसरं काय निघणार? आम्हाला वाटायचं, आमची केळी म्हणजे जगाच्या येण्याजाण्याचं कारण. पण काय उत्साह होता सांगू! सगळा गाव कामाला लागला. प्रत्येकाने आपल्या ओळीतली खोडं उपटून आणली, बायकांनी खड्डे खणले, माणसांनी खोडं उभी केली. गाडीवाटेला जणू लग्नाचा मांडव घातला. शेवटी उतारावर गुळाची ढेप ठेवायचं ठरलं. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, एरवी एका जागचे न हलणारे, तेही खांद्यावर खोड घेऊन पळत होते. अक्का तेवढी आली नाही. ती आपल्या बागेच्या तोंडाशी काठी घेऊन बसून राहिली.

घंटा ऐकू आली ती सकाळी. आम्ही सगळे गाडीवाटेच्या दोन्ही अंगांना. रूपकली आली. पहिलं खोड उपटलं, खाल्लं. दुसरं. तिसरं. माणसांनी टाळ्या वाजवल्या. आबांची मान ताठ झाली. गोकुल वरून हात जोडत होता, त्याला हा थाट कळेना. खात खात ती नदीच्या उतारापर्यंत आली, समोर गुळाची ढेप, पलीकडे पाणी, पुरानंतर गाळाने भरून आलेला सपाट काठ, वरून वाळून टणक झालेला, बैलगाड्या रोज जात होत्या त्यावरून. रूपकलीने पुढचा एक पाय उचलला, टेकवला, आणि काढून घेतला. सोंडेने जमीन हुंगली. पुन्हा पाय टेकवला, काढला. मग ती वळली. गुळाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. आमच्या मांडवातून उलटी, आमच्यामधून, कुणालाही धक्का न लावता ती चालत आली आणि थेट अक्काच्या बागेच्या तोंडाशी जाऊन थांबली.

तिथे अक्का उभी. काठी आडवी धरून.

मी पळत तिच्याजवळ गेले. समोर ती अवाढव्य हत्तीण, कान हलताहेत, श्वासाची ऊब तोंडावर येतेय, आणि मागे गार, हिरवा, घडांनी वाकलेला बाग.  भीती होती, पण खोटं कशाला बोलू, आनंद जास्त होता. एवढं मोठं काहीतरी आपल्यासमोर घडतंय आणि आपण त्यात आहोत, याचा आनंद. गोकुलने अंकुश लावला, ओरडला, विनवलं. रूपकली हलली नाही. आत घुसलीही नाही. नुसती उभी राहिली, दार उघडायची वाट बघत राहावं तशी. "माई, मेरे बस का नहीं," गोकुल रडवेला झाला. "रास्ता इसी का है. मैं तो ऊपर बैठा हूं, बस. चौथ चूक गई तो साल गया." दोन्हीकडे घळी होत्या. दुसरीकडून जायला जागा नव्हती.

आबा पुढे आले. एका नजरेत त्यांनी हिशोब केला आणि मजुरांना हाक मारली. "कापा रे मधली एक ओळ. जाऊ द्या तिले." दोन माणसं कोयते घेऊन बागेत शिरली.

"थांबा!" अक्का अशी ओरडली की ते दोघं जागीच थिजले. "कोना बागले हात लावतस? मले इचारं का कोनी?"

"अक्का, लोके उभा शेतस, हत्तीन उभी शे," आबा म्हणाले. "तुनं नुसकान व्हवाव नही. मना बागमधला घड तुले देसू, बठ्ठा भरेल."

"मले तुना घड नको," अक्का म्हणाली. "मले इचारानं व्हतं."

आबांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता भाऊबहिणीचं कायमचं बिनसणार, आणि हत्तीण तशीच उभी राहणार. अक्काने काठी माझ्या हातात दिली. "हाई धर. कोनी आत जावाव नही," एवढं सांगून तिने इंजिनाच्या खोलीतली लोखंडी पहार उचलली आणि एकटी गाडीवाटेने नदीकडे चालू लागली. आम्ही लांबून पाहत होतो. जिथे रूपकलीने पाय काढून घेतला होता, तिथे अक्काने पहार दोन्ही हातांनी मारली. पहार थोडी आत गेली. तिने पुन्हा मारली, वजन टाकलं, आणि पहार मुठीपर्यंत आत गेली. ती उपसायला तिला गुडघे टेकावे लागले.

परत आली तेव्हा लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं. "वरथून कडक, खालथून पोकय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "बैलगाडी जाई. हाई गाळमा गडी जाती." मग रूपकलीसमोर येऊन उभी राहिली आणि तिच्या सोंडेवर तळवा ठेवला. "खरी शेस व माय."

मजुराच्या हातातला कोयता तिने मागून घेतला. "वहू, पदर खोच. घड झेल."

आजही मला ते आठवलं की अंगात वारं भरतं. अक्काने पहिल्या खोडावर कोयता टाकला, झाड हळूच वाकलं, घड माझ्या खांद्यावर आला, केवढा जड, गार, ओला! दांडा तुटला तसा चीक माझ्या धुळ्याहून आणलेल्या साडीवर सांडला. त्या चिकाचे डाग कधी निघत नाहीत, हे मला माहीत होतं, आणि मला काडीची पर्वा नव्हती. मी घड मागच्या बाईकडे दिला, तिने तिच्या मागच्या बाईकडे. आणि मागून रूपकली. अक्का एक झाड पाडायची, रूपकली एक पाऊल पुढे यायची, पडलेलं खोड उचलायची आणि चावत उभी राहायची. पुन्हा कोयता, पुन्हा पाऊल. कुणी घाई केली नाही. एक बाई वाट काढतेय आणि तिच्यामागे हत्तीण ती साफ करत येतेय, असं ते चाललं होतं. दोन्ही बाजूंची पानं तिच्या पाठीला घासत होती. पूर्ण बागेत तिच्याकडून दोन झाडं मोडली, तेवढी मोडायचीच. मोडली तशी अक्काने तिला शिवीही दिली.

हल्ली तिकडे जाणं होतं कधीमधी. तापीवर पूल आहेत, केळी ठिबकावर, रोपं प्रयोगशाळेतली, एकसारखी. घड काढल्यावर खोड पाडायला यंत्र आहे. हत्ती पायी फिरवायला आता बंदी आहे आणि ती असावीच, रूपकलीच्या पायातली साखळी मी तेव्हाही पाहत होते. एखाद्या जनावराला त्याच्या कळपातून उचलून आणायचं आणि मग त्याच्या चालण्याचं कौतुक करायचं, यात काहीतरी वाईट आहे, हे तेव्हा मला सांगता आलं नसतं. पण एवढं कळलं होतं की साखळीत असूनही ती बाई वाट विसरली नव्हती.

त्या सकाळी बागेच्या शेवटी शेवटचं खोड पडलं आणि एकदम उजेड आला. समोर खडकाळ उतार, पलीकडे निळी तापी. रूपकलीने पाय टेकवला. दुसरा टेकवला. आणि थेट उतरत गेली, पाण्यात शिरली, पोटापर्यंत पाणी आलं तशी थांबली आणि सोंडेने असा फवारा उडवला की काठावरची माणसं लहान मुलांसारखी ओरडायला लागली. आबासुद्धा! पटका भिजला त्यांचा. गोकुल वरून अक्काचा जयजयकार करत होता, त्याचं फडकं वाहून चाललं होतं आणि त्याला भान नव्हतं. ती पलीकडच्या काठावर चढली, अंग झाडलं आणि मागे न बघता चालू लागली. घंटा ऐकू येईनाशी होईपर्यंत आम्ही तिथेच होतो. मग बाया कच्च्या केळांचे घड वाटून घ्यायला वळल्या, आणि पुढचे कितीतरी दिवस गावात एकाच भाजीचा वास येत राहिला.

अक्का बागेच्या टोकाला बांधावर बसली होती. हातांना चीक, पायांना चिखल, केस सुटलेले. तिच्यासमोर तिच्या पहिल्यावहिल्या बागेच्या अगदी मधोमध उजाड पट्टा पडलेला. मला गलबलून आलं. मी जवळ बसले आणि म्हटलं, "अक्का, फार वाईट वाटतंय का हो?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पहिल्या दिवशी बागेत रडत बसले होते तेव्हा पाहिलं होतं.

"वहू, जलमभर बठ्ठासले वाट देत उनू मी. नवराले दिधी, सासूले दिधी, भाऊले दिधी. बाजूले सरक म्हनेत, का सरकनू." तिने हाताचा चीक मातीला पुसला. "पन त्यामा मनी कोनतीच वाट नही व्हती. आज मनी व्हती. म्हनीसन देता उनी."

मग ती उठली, आणि पाटाचं पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायला निघून गेली.